कोहळ्यावरचा पहिला घाव

पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. माझ्याबरोबर काम करणारी पुण्याकडची एक नर्स मला अजून दुरुस्त करते. कोहळा म्हणे तो वेगळा, पांढरा, पेठ्याचा. असेल. मी लहानपणापासून ज्याच्या वेलावर राख टाकली, ज्याच्या फुलांची भजी खाल्ली, ते कोहळंच होतं आणि या वयात मी काही त्याचं पुन्हा बारसं करणार नाही.

आमचं गाव वडशाहून एसटीनं तासाभरावर. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी सातवीत होते. घर मातीचं, वर कवेलू म्हणजे कौलं, मागे सांदवाडी. सांदवाडी म्हणजे घराच्या पाठीमागची बांबूच्या कुंपणातली जागा. तिच्यात माय मका, वाल, दोडके लावायची आणि उकिरड्याच्या कडेला कोहळं. शेत आम्हाला नव्हतं. माय लोकांच्या धानात रोवण्याला आणि कापणीला जायची. बाबा लाकडाच्या डेपोत मजूर होते. जंगलातून आलेल्या ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे होतं. शिक्का एका फटक्यात उमटला पाहिजे, दुसरा फटका मारणारा माणूस कच्चा, असा त्यांचा तोरा होता.

घरात दोघांचं एरवी बरं होतं. कोहळ्याचा हंगाम आला की मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य. कारण असं, की आमच्या भागात पिकलेल्या कोहळ्यावर पहिला घाव माणसानं घालायचा. माणूस म्हणजे पुरुष. बाई ती बाई. कोहळं हा घरातला थोरला पोरगा, बाईनं त्याच्यावर कोयता चालवला तर घरातलं कोणीतरी जातं, असं मायनं तिच्या मायकडून ऐकलेलं. माणसानं एक घाव घातला की पुढं बाईनं पावशीवर, म्हणजे विळीवर बसून पाहिजे तेवढ्या फोडी कराव्यात, त्याला हरकत नाही.

बाबांना हे ऐकलं की तिडीक यायची. आमच्या आजानं नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते. "देव सोडले नदीत, आन कोहळं ठेवलं बोडक्यावर," बाबा म्हणायचे. माय चूल फुंकत राहायची. मग ते मला समोर बसवायचे आणि विचारायचे, "सांग व, कोहळ्याले काय मालूम, कापणारा माणूस हाय का बाई?" मी म्हणायचे, काही मालूम नाही. "शाबास," म्हणायचे, आणि एवढी बडबड करून शेवटी स्वतःच उठून कोयत्याचा एक घाव घालून द्यायचे. दरवर्षी. मला ती गंमत वाटायची. बोलायचं एक आणि करायचं एक, म्हणून मी त्यांना चिडवायचेसुद्धा.

ते असं का करत, हे मला माझ्या लग्नाच्या वेळी आत्यानं सांगितलं. माझ्याआधी माझ्या मायला एक मुलगा झाला होता. तो सहा महिन्यांचा असताना बाबांनी हट्टानं तिच्या हातात कोयता दिला होता. काप, मी पाहतो काय होते ते. तिनं कापलं. त्याच हिवाळ्यात पोरगा तापानं गेला. त्या साली गावातली आणखी पोरं तापानं गेली होती, पण त्यांच्या घरी कोहळं कोणी कापलं हे कोणी विचारलं नाही. बाबांनी मायला कधी समजावलं नाही आणि मायनं त्यांना कधी बोल लावला नाही. फक्त पुढच्या सालापासून पहिला घाव बाबा घालायला लागले. तोंडानं तेच जुनं बोलत राहिले, कारण तोंड बंद केलं असतं तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. पण हे सगळं मला सातवीत असताना ठाऊक नव्हतं. मला फक्त त्यांचं वाक्य पाठ होतं.

त्या साली चैत्रात डेपोत काम करता करता बाबांच्या अंगावरून वारं गेलं. हातोडा उचलला तो खाली आलाच नाही म्हणतात; बाबाच खाली आले. गडचिरोलीच्या दवाखान्यात महिनाभर होते. घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय नुसते सोबत होते. तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द यायला वेळ लागायचा. आत बोलणं तयार असायचं, डोळ्यांत दिसायचं, पण ते ओठांपर्यंत येईस्तोवर समोरचा दुसरं काही बोलून मोकळा व्हायचा. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येकाला उलट उत्तर दिलं, त्याच्या वाट्याला हे आलं.

मायनं त्यांची बाज मागच्या ओसरीत टाकली, सांदवाडीकडे तोंड करून. पहिले दोन महिने वाईट गेले. ते ताट फेकायचे. माय दुसरं ताट आणायची. आत्या बघायला आली आणि बाजेच्या पायथ्याशी उभी राहून मायला म्हणाली, "आता याले लेकरावानी सांभाळा लागते, वैनी." कान चांगले होते बाबांचे. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले ते सांजेपर्यंत वळले नाहीत.

मृगात माय बिया लावायला निघाली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. बराच वेळ "ख, ख" करत होते. मला वाटलं खोकला. मायला कळलं. "खोल," ती म्हणाली. "खड्डा खोल कर म्हणते तुया बाबा." मी खड्डा खोल केला. शेणखत, राख, वर माती. मग बाजेवरून ते हनुवटीनं दाखवायचे आणि मी करायचे. पानांवर तांबडे भुंगे आले की चुलीची राख चाळून पहाटे दवात टाकायची. वेल कवेलूवर जायला निघाला की त्याचं टोक वळवून पुन्हा मांडवाकडे आणायचं. फुलं आली तेव्हा त्यांनी मला नर आणि मादी ओळखायला शिकवलं. मादीच्या फुलाखाली सुपारीएवढं कोहळं आधीच असतं. ऊन चढायच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात फिरवायचा. मधमाश्या करतातच ते काम, पण पावसाच्या झडीत माश्या येत नाहीत आणि बारकी कोहळी पिवळी पडून गळतात. माय हे बघून तोंड फिरवायची. तिला ते बरोबर वाटायचं नाही. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं तर ते सडतं म्हणून ती आम्हाला बोट मुडपून दाखवायला लावायची, आणि इथं बापलेक त्याच्या फुलात हात घालत होते.

त्या खटाटोपातून एक कोहळं असं धरलं की गावातले लोक कुंपणापाशी थांबून बघायचे. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा घालून मी ते उचलून ठेवलं होतं, आणि आठ-आठ दिवसांनी थोडं फिरवायचे. बाबांचा दिवस त्याच्यावर नजर ठेवून जायचा. माकडं आली की डाव्या हातानं बाजेच्या दांडीवर पितळी आपटायचे. इतका आवाज करायचे, की शेजारीण म्हणायची, तुमच्या घरी राखणदार बरा हाय. चिडवायचीच ती, पण बाबा हसायचे. लकव्यानंतरचं त्यांचं हसणं एका बाजूचं होतं, तरी हसणंच.

भाद्रपदात त्यांनी कोयता मागितला. माशी डंख मारते ती बारकी कोहळी गळून पडतात, आतून किडलेली. ती घरच्या शेळीला कापून घालतो म्हणाले. माय घाबरली, पण तिनं कोयता दिला. बाजेच्या काठावर बसून समोरच्या ओंडक्यावर कोहळं ठेवायचे आणि डाव्या हातानं घाव घालायचे. दुसरा हात धरायला नाही, त्यामुळे कोहळं गडगडत जायचं. मी आणून द्यायचे. पुन्हा गडगडायचं. शेळी उभी राहून वाट पाहायची. चार-सहा दिवसांनी त्यांनी मायची चुंबळ मागितली, डोक्यावर घागरीखाली ठेवतात ती कापडाची कडी. ती ओंडक्यावर ठेवून तिच्यात कोहळं बसवलं. ते हललं नाही. मला हाक मारून दाखवलं. लाकडावर शिक्का मारताना त्यांना कधी एवढा आनंद झाला नसेल.

घाव वाकडाच जायचा. एकदा अंगठा कापला. तरी रोज बसायचे. किडकी कोहळी संपली तेव्हा कच्च्या पपया कापल्या, केळीचा खुंट कापला. शेळीला तसलं खाणं मानवेना. हे शेळीसाठी चाललेलं नाही, एवढं घरात सगळ्यांना कळत होतं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी माय त्यांना भरवत होती तेव्हा ते म्हणाले, "मोठं... मंडईले... मी कापीन."

मायनं घास खाली ठेवला. "मंग? दुसरं कोण कापते?" म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सगळ्या बायकांना सांगितलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणा, रात्री मांडवात नाटक. पोरीबाळी, जावई, पाहुणे सगळे येतात. दिवाळी आम्ही करत नव्हतो, पण मंडई सगळ्या गावाची. त्या दिवशी पाहुण्यांच्या देखत बाबा कोहळ्यावर घाव घालणार होते. मायनं वेलावरून ते उतरवलं, वीतभर देठ ठेवून. नख रुतत नव्हतं, अंगावर पांढरी भुकटी धरली होती. तिनं ते बाबांच्या बाजेखाली तणसावर ठेवलं आणि कोयता त्यांच्या उशाशी.

मंडई दोन दिवसांवर असताना आत्या आणि तिचा नवरा आले. माय कापणीला गेली होती. मला शाळेची सुट्टी होती म्हणून घरी मी आणि बाबा. आत्याच्या पिशवीत सीताफळं होती पाच-सहा. आवळा देऊन कोहळा काढायची तिची जुनी सवय मला माहीत होती आणि तिच्या डोळ्यांनी बसायच्या आधीच बाजेखालचं बघून घेतलं.

"भाजी काय हाय व?" तिनं विचारलं.

"वाल हाय."

"जवायाले वाल? हे काप ना. उरलं तर अर्धं मी नेईन, आमच्या इथी डुकरायनं एक ठेवलं नाई."

"ते मंडईचं हाय. माय येऊ दे."

"माय येते सांजेले. तवरक उपाशी बसाचं का आमी?" आणि ती नवऱ्याकडे वळली. "अवो, घाला ना तुमी एक घाव. इथी कोण घालणार हाय?"

आत्याचा नवरा भला माणूस. तो खरंच उठला.

मला जो राग आला तो आजही आठवतो. इथी कोण घालणार हाय. बाजेवर माणूस बसलेला दिसत होता, आणि ती असं बोलत होती, जणू बाजेवर गोधडी ठेवली आहे. आमच्या सांदवाडीतल्या, मी फुलात दांडा फिरवून धरवलेल्या कोहळ्यावर दुसऱ्या घरचा माणूस घाव घालणार. मी बाजेकडे धावले. बाबांनी डावा हात पुढे केला होता. तोंड उघडलं होतं, आत शब्द तयार होत होता. मला वाटलं, घे म्हणतात. मी त्यांच्या उशाचा कोयता उचलला.

"अवं पोरी, तू नाई. यायले दे," आत्या म्हणाली.

"कोहळ्याले काय मालूम," मी म्हणाले, अगदी बाबांच्या चालीत, "कापणारा माणूस हाय का बाई?"

कोहळं ओढून चुंबळीवर बसवलं, वर कोयता धरला आणि कोयत्याच्या पाठीवर वरवंट्यानं हाणलं. दुसऱ्या फटक्यात ते उघडलं. आत केशरी, बियांनी गच्च. आत्याचा नवरा हसला आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, पोरगी शिकवली बाकी तुमी."

सगळे बाबांकडे बघत होते. त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "बरोबर." आणि पुन्हा, "बरोबर... बोलली."

मी फुशारले. खोटं कशाला सांगू, आयुष्यात एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती. फोडी गोळा करायला खाली वाकले तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. तो अजून बाजेच्या काठावर तसाच पुढे होता, पंजा उघडा. त्या क्षणी मला कळलं. दीड-दोन महिने ज्यासाठी ते पपया कापत बसले होते ते मी त्यांच्या उशापासून उचलून घेतलं होतं. आत्यानं त्यांना मोजलं नव्हतं म्हणून मी चिडले, आणि मीही मोजलं नव्हतं. कोयता त्यांच्या हातात द्यायचं एवढं सोपं काम होतं, ते तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी पाठ केलेलं वाक्य बोलले. त्यांचंच होतं, म्हणून त्यांना ते खोडताही आलं नाही.

आत्या आणि तिचा नवरा जेवून गावात ओळखीच्यांकडे गेले. संध्याकाळी माय आली. विळा खोचलेला, पायाला चिखल वाळलेला. ओसरीत येऊन थबकली. अर्धं कोहळं परातीत झाकून ठेवलं होतं, त्यावरचं फडकं तिनं बाजूला केलं.

"कोण कापलं?" तिनं विचारलं. आवाज विचित्र होता. मी तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

मी तोंड उघडलं. पण त्याआधी बाबा बोलले. लकव्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द इतक्या लवकर कधी निघाला नव्हता.

"मी. मीच कापलो."

मायनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कोहळ्याकडे. मी खाली बघत होते. तिनं फडकं परत नीट टाकलं आणि म्हणाली, "कापलं ना? मी म्हणतच होती." हातपाय धुवायच्या आधी तिनं पावशी घेतली, आठ-दहा फोडी केल्या, सुपात ठेवल्या आणि आळीत निघाली. दारोदार तिचा आवाज ऐकू येत होता. माह्या मालकानं कापलं. एका हातानं. मंडईपर्यंत दम नाई धरला.

आत्या परत आली तेव्हा हे तिच्या कानावर आलंच होतं. "वैनी, काय सांगत फिरून राह्यली? पोरीनं कापलं ते. आमी होतो इथी."

"तुमचं लक्ष नसंल, बाई," माय म्हणाली, आणि भाजीत मीठ टाकलं.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी ताटं मांडायला घेतली. बाबांनी त्या रात्री दोनदा भाजी मागून घेतली. डाव्या हातानं, भराभर, घास गिळवत नव्हता तरी. मायला दाखवायला खात होते. मी समोर बसून खाल्लं. गोड होतं कोहळं, खूप गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, कोयता आत ठेव. मी ठेवला. त्यानंतर त्यांनी तो मागितला नाही. शेळीला मी घालायचे. मंडईच्या दिवशी आत्याच्या नवऱ्यानं त्यांना उचलून खुर्चीवर बसवून नाटकाला न्यायचं ठरवलं, पण ते नको म्हणाले. वेल वाळला, मायनं उपटून उकिरड्यावर टाकला, मांडव मोडला. समोर बघण्यासारखं काही राहिलं नाही. बाजेचं तोंड फिरवून दे म्हणाले, भिंतीकडे. पौषात दुसरा झटका आला. दोन दिवस घशातून आवाज येत होता, मग तोही थांबला.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला लोक आले, तेव्हा माय प्रत्येकाला सांगत होती, "मंडईले कोहळं कापलं हो त्यानं. सोताच्या हातानं." ज्यांना खरं माहीत होतं ते मान हलवायचे. मी चहाचे कप धुवत होते. मला वाटायचं, हिला खरंच वाटतं आहे की त्यांनी कापलं. ही एवढी एक गोष्ट हिच्यापाशी आहे आणि ती मी हिच्याकडून काढून घेणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला आपण फार मोठं काहीतरी सांभाळतो आहोत असं वाटायचं.

मी नर्स झाले. रक्तदाब मोजताना, पट्टा आवळताना, माझ्या मनात कितीदा तरी येतं की चैत्राच्या आधी एकदा कोणी बाबांच्या दंडाला तो बांधला असता तर. दुसरा झटका का येतो हेही मी आता लोकांना समजावून सांगते. कोहळ्यानं कोणी मरत नाही. वाक्य खरंच होतं त्यांचं.

माय शेवटची वर्षं माझ्याकडे गडचिरोलीला क्वार्टरमध्ये होती. एका दुपारी आम्ही दोघी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं. वीस-बावीस वर्षं सांभाळलेलं, काही कारण नसताना. "माय, ते कोहळं मी कापलं होतं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही तिचा.

"आत्यावर विश्वास बसला का?"

"तिचं काय. तुया पोलक्यावर बिया चिकटून होत्या. दारातूनच दिसल्या मले."

मग तू गावभर काय सांगत फिरत होतीस, असं मी विचारलं. तिनं शेंगेतला किडका दाणा काढून बाजूला टाकला.

"तुया बाबा बोलला, मी कापलो. त्याले काऊन खोटा पाडू? आन माहं भेव त्याले मालूम होतं. पोरगा गेला तवा माह्या हातानं गेला, असं मी धरून बसली होती. तुयं नाव नको होतं याच्यात." मग म्हणाली, "दोन महिन्यात गेला तो. मी कोणाले काई बोलली का? तुले एक दिवस तरी बोलली का?"

"माय, असं नसते. तो दुसरा झटका होता. कोहळ्याचा काही—"

"नसंल," ती म्हणाली. "तू शिकली हायेस. नसंल तसं. पण तू कापलं नाई. त्यानंच कापलं. कोणी इचारलं तर असंच सांगाचं."

म्हणजे सुपात फोडी घेऊन निघाली त्या संध्याकाळी तिला ठाऊक होतं, आणि बाबा गेले त्या पहाटेही. तिच्या लेखी माझ्या हातानं माझा बाप गेला होता, आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या वेण्या घालून, डब्यात भाकर बांधून मला शाळेत पाठवलं होतं.